ईरम्मा उंबऱ्यावर नसते तेव्हा

विड्या वळताना ईरम्मा खाली बघत नसे. हात सुपात आणि डोळे गल्लीत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, यातल्या कशालाही तिला नजर लागत नव्हती. फ्रॉकमध्ये असल्यापासून तेच केलेलं. त्यामुळे तिचे डोळे दिवसभर रिकामे असायचे आणि ते ती आमच्या गल्लीवर ठेवायची.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही गल्ली. दोन्ही बाजूंना एकेका, दोनदोन खोल्यांची घरं, टोकाला पॉवरलूमची शेड. घरं बहुतेक तेलुगू विणकरांची. पुरुष लूमवर, बायका उंबऱ्यावर विड्या वळत. आमचं लिंगायताचं घर तेवढं वेगळं. माझ्या नवऱ्याची, गुरुराजची, नोकरी तेव्हा जवळच्या टॉवेलच्या कारखान्यात होती, म्हणून आम्ही इथं भाड्यानं खोली घेतली.

खोली बघायला आलो त्या दिवशी घरमालकाच्या आधी ईरम्मानंच आम्हाला अडवलं.

"कुनाकडं?"

"खोली बघायची आहे," मी म्हटलं.

"किती जन?"

"आम्ही दोघंच."

"दोगंच? आन् सासू कुटं हाय?"

"मंगळवेढ्याला."

"मग तुजं बरं हाय की!" ती म्हणाली, आणि ओळीनं उंबऱ्यांवर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. गुरुराज लाजून शेडकडं बघत उभा राहिला. जाताना तिनं मागून हाक मारून सांगितलं, "खोली घे. पानी येतंय. मोरीची कडी भायेरनं घट्ट हाय, आतली ढिली. मालकाला सांगून करून घे." ती कडी आम्ही कधी करून घेतली नाही. बाहेरची घट्टच राहिली.

ईरम्माचा जन्म इथलाच. तिचे आजोबा तेलंगणातून हातमागाच्या कामासाठी आले, पुढच्या सगळ्यांनी सोलापूरच धरलं. लग्न होऊन ती तीन गल्ल्या सोडून इकडं आली. नवरा नरसय्या लूमवर. छातीच्या आजारानं तो गेला तेव्हा कुमार, तिचा मुलगा, शाळेतही जात नव्हता. दिवसकार्य उरकल्यावर दुसऱ्याच सकाळी ती सूप घेऊन उंबऱ्यावर बसली. कुणीतरी म्हणालं, अगं चार दिवस रडून तरी घे. तेव्हा ती म्हणाली होती, "रडायला हात लागतात व्हय?" ही गोष्ट मला तिच्या शेजारणीनं सांगितली. ईरम्मा स्वतःबद्दल फार बोलत नसे. दुसऱ्यांबद्दल मात्र भरपूर.

गल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न असायचा, "कुनाकडं?" पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर कुणाचा जावई. एकदा दागिने पॉलिश करून देतो म्हणत दोघं जण पिशवी घेऊन आले. ईरम्मानं विडीचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आदी तुजं थोबाड पॉलिश करून ये." समोरच्या उंबऱ्यावरून दुसरी ओरडली, "आमच्याकडं सोनं न्हाय रं, आमची ईरम्माच सोन्याची हाय, घिऊन जा हिलाच!" दोघं वळून गेले. तेच दोघं पुढं दुसऱ्या पेठेत सापडले असं ऐकलं, खरंखोटं माहीत नाही.

माझी शिवलीला याच उंबऱ्यांच्या रांगेत वाढली. रांगायला लागली तेव्हा ती नेमकी ईरम्माच्या दारात जाऊन तंबाखूच्या डब्याला हात घालायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, गुरुराजचा कारखाना बंद पडून तो पुण्याला गेला, तरी शिवलीलाचं दुपारचं काही अडलं नाही. शाळेतून यायची, ईरम्माच्या हातातून चावी घ्यायची, घरात जेवायची आणि दप्तर घेऊन पुन्हा तिच्या शेजारी जाऊन बसायची. तिला 'अव्वा', म्हणजे आजी, म्हणायची. माझ्याहून चांगलं तेलुगू बोलते माझी मुलगी. ईरम्मा तिला 'पिल्ला' म्हणते, म्हणजे पोरगी.

गल्लीत एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना माहीत असलेली. विड्या वळता वळता बाई उठून आत गेली, तर सूप उंबऱ्यावरच राहायचं. पानं वाळू नयेत म्हणून त्यावर ओलं फडकं. सूप उंबऱ्यावर म्हणजे बाई घरात. दूधवाला हाक मारून थांबायचा. आणि सुपाला कुणी हात लावायचा नाही. पोरांचा चुकून पाय लागला तर पोरं लगेच वाकून नमस्कार करायची. त्या सुपावर घर चालतं हे त्यांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं.

गेल्या काही वर्षांत विडीचं काम कमी होत गेलं. कारखान्यातून पान कमी यायला लागलं, मग आठवड्यातले निम्मेच दिवस काम. एकीकडं गणवेश शिवणारे गारमेंटचे कारखाने वाढले. सावलीत काम, पंखा, महिन्याला पगार. गल्लीतल्या सुना आधी गेल्या, मग त्यांच्या सासवा धागे कापायला. मला हे माहीत होतं. मी तर एकीला तिथला फॉर्म भरून दिला होता आणि मनापासून आनंद झाला होता मला, की यांची विडीच्या धुरळ्यातून सुटका झाली. आजही होतो. त्या आनंदाचं काय करायचं ते कळत नाही.

मला एवढंच माहीत नव्हतं, की दिवाळीनंतर ईरम्माही जायला लागली आहे.

मी सकाळी निघताना ती उंबऱ्यावर बसलेली असायची. संध्याकाळी परतताना बसलेली असायची. रविवारी तर दिवसभर. मी निघाल्यावर ती निघत होती आणि मी यायच्या जरा आधी परतत होती. मधल्या वेळेत तिचं जुनं सूप उंबऱ्यावर असायचं. त्यात थोडी वाळकी पानं, वर ओलं फडकं, बाजूला एक चपलांचा जोड. बाकीच्या घरांतही तेच. रांगेनं सुपं, आणि एकाही सुपामागं कोणी नाही. ही ईरम्माचीच युक्ती. गल्लीत येणाऱ्याला वाटावं की बाया आत आहेत, आत्ता येतील. तिनं सगळ्यांना बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. बोलबाला झाला तर युक्ती कसली.

शिवलीलाला ठाऊक होतं. तिनंही मला सांगितलं नाही. सांगितलं तर आई नोकरी सोडेल नाहीतर मला दिवसभराच्या क्लासला घालेल, असं तिला वाटलं. बारा वर्षांच्या मुलीचं शहाणपण. तिची चावी आता ईरम्माच्या हातात नसायची, सुपातल्या पानांखाली असायची.

जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराची यात्रा तोंडावर आली होती, शाळेत तिळगुळाच्या कार्यक्रमाची तालीम होती, शिवलीला खुशीत होती. दुपारी घरी आली. सुपात हात घातला तर चावी नाही. आमच्या दाराकडं पाहिलं तर कुलूप काढलेलं, दार लोटलेलं. तिला वाटलं मी लवकर आले. ती "आई!" म्हणत आत पळत गेली.

आत मी नव्हते. एक माणूस होता. त्यानं गॅसची टाकी सोडवून दारापाशी आणून ठेवली होती. शिवलीला दिसल्यावर त्यानं तिचं तोंड दाबलं, तिला मोरीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. टाकी, घरी राहिलेला माझा जुना फोन आणि गुरुराजचं घड्याळ घेऊन तो गेला. सायकलवर टाकी बांधलेला माणूस कुणाला दिसला असेलही. त्याला कोण काय विचारणार?

शिवलीला ओरडत राहिली. मोरीच्या भिंतीपलीकडं लूमची शेड आहे. तिथं माणसं होती, दुपारभर होती. पण लूम चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गल्लीत कोणी नव्हतं. उंबऱ्या-उंबऱ्यावर सुपं होती.

त्या संध्याकाळी मी जरा लवकर आले, ईरम्मा अजून परतली नव्हती. दार उघडं, घरात अंधार. कडी काढली. ती पालथ्या बादलीवर बसली होती. माझ्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. आवाज बसला होता. दाराच्या पत्र्यावर हात आपटून तळवे सुजले होते. मी तिला उचलायला गेले. एवढी मोठी मुलगी, पण तिनं पाय पोटाशी घेतले आणि मला उचलू दिलं.

डॉक्टरांनी तपासलं. दंडावर बोटांचे वळ, गुडघा खरचटलेला, बाकी काही नाही. "एवढंच झालं, नशीब समजा," त्या म्हणाल्या. पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, "एवढंच ना?" पुण्याहून रातोरात आलेला गुरुराजही तिला कुशीत घेऊन तेच म्हणत होता, "एवढंच झालं, एवढंच झालं." प्रत्येक जण मला बरं वाटावं म्हणूनच म्हणत होता. मला मात्र ते ऐकलं की त्या 'एवढंच'च्या पलीकडं काय काय असतं तेच दिसायचं.

हवालदार घरी पंचनाम्याला आले. "कुलूप तोडलेलं नाही. चावी कुठं होती?"

"शेजारी. सुपात."

"सुपात?" त्यांनी वर पाहिलं. "आणि दुपारी घरी कोण असतं?"

"मुलगी."

"तिच्याशिवाय?"

"कोणी नाही."

"शेजारी?"

"कोणी नाही."

"मग बाई," ते थकल्यासारखे म्हणाले, "तो तरी काय करणार? चावी हाताला लागली, शिरला."

मला त्यांचा राग आला नाही. बी. ए. ला माझा विषय समाजशास्त्र होता. तिसऱ्या वर्षी एक सर गुन्ह्यांवर शिकवायचे. ते फळ्यावर तीन वर्तुळं काढायचे. एकात चोरी करायला तयार असलेला माणूस. दुसऱ्यात उचलण्याजोगी वस्तू. तिसरं वर्तुळ ते रिकामं ठेवायचे आणि म्हणायचे, हे राखण करणाऱ्याचं, तो नसला पाहिजे. ही तीन वर्तुळं एका जागी, एका वेळी येऊन मिळाली की गुन्हा होतो. माणसं वाईट झाली म्हणूनच चोऱ्या वाढतात असं नाही. लोकांचा दिनक्रम बदलतो, म्हणूनही वाढतात. अमेरिकेत गरिबी कमी होत असताना घरफोड्या वाढल्या. का? तर बायका कामावर जायला लागल्या आणि दुपारची घरं रिकामी पडली. वस्तूही हलक्या झाल्या, उचलून नेण्यासारख्या. सर सांगायचे, चोराचा स्वभाव नंतर बघा, आधी दुपार बघा.

तेव्हा मी हे उत्तर सुंदर अक्षरात लिहून चांगले गुण मिळवले होते. आता त्या वर्तुळांचा मला संताप येतो. कारण त्यात मला धरायला कोणी सापडत नाही. बायका कामावर गेल्या, ते बरोबर. कारखान्यानं त्यांना काम दिलं, तेही बरोबर. मी नोकरी करते, तेही. मुलगी शाळेतून आपल्या घरी आली, यात काय चूक? सगळे बरोबर, आणि माझी मुलगी मोरीत.

तेव्हापासून ती कुठलंच दार लावेना. मोरीचंही नाही. तिच्या अंघोळीच्या वेळी मी दारात पाठ करून उभं राहायचं.

ईरम्मा दोन दिवस आमच्याकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली.

"आत या," मी म्हटलं.

"न्हाय. हितंच बरी हाय."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काहीतरी केलं असतं."

"काय? सांग की."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी चोराला फशीवत होते ग. तू बी फसशील असं कुटं वाटलं मला."

"पण चावी सुपात कशाला ठेवायची, ईरम्मा? पानाखाली?"

"मग कुटं ठिवू? पिल्लाला उनात हुबी करू?" तिचा आवाज चढला. "सुपाला कोन हात लावतंय? सांग, ह्या गल्लीत आजवर कोन लावलाय? माज्या आयीचं सूप, माज्या सासूचं सूप... पेलेला मानूस बी वाट वाकडी करून जातो." मग एकदम हळू बोलली. "त्यो आपल्यातला न्हवता. त्याला काय ठावं. त्याला सूप म्हंजे नुसतं सूप."

इतकी वर्षं इथं राहून मीही तेच धरून चालले होते. त्या रांगेकडं रोज सकाळी बघून मी निर्धास्त निघायची.

"तुम्ही परत बसा," मी म्हटलं. विनवलं म्हटलं तरी चालेल. "दुपारपुरतं. ती येते तेव्हापासून मी येईपर्यंत."

"बसून काय वळू? वारा?"

"ईरम्मा..."

"तूच बस की. शिकलेली हायेस. चार पुस्तकं घिऊन बस उंबऱ्यावर, गल्लीतली पोरं बी शिकतील." बोलून गेल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं. शिवलीला आतून दाराशी आली होती. ईरम्मानं तिच्या सुजलेल्या तळव्यांकडं पाहिलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. उंबऱ्यावर बसली. विडीच्या कारखान्यातून त्या आठवड्यात पान आलं नव्हतं, म्हणून सुपात जुनी पानं कापत बसली. मला संध्याकाळी कळलं तेव्हा मी तिच्या पाया पडणार होते. "सर तिकडं," म्हणाली, "मी काय देव हाय व्हय?"

तिसऱ्या की चौथ्या दुपारी शिवलीला शाळेतून आली तर ईरम्मा चौकटीला डोकं टेकून गाढ झोपलेली. शिवलीलानं तिला उठवलं नाही. घरातही गेली नाही. उन्हात, गल्लीच्या मधोमध दप्तर पाठीवर घेऊन उभी राहिली, ईरम्मा जागी होईपर्यंत. जागी झाल्यावर ईरम्मा कपाळ बडवून घ्यायला लागली.

"अशी कशी झोपले मी? जल्मात उंबऱ्यावर झोपले न्हाय!" मला सांगताना ती तिच्या हातांकडं बघत होती. "हात चालत न्हाईत ना. हात थांबले की डोळं बी मिटत्यात. मला काय ठावं की हातच डोळ्याला जागं ठिवत होते."

त्याच संध्याकाळी तिची सून माझ्याकडं आली. भांडायला नाही, पण आवाज ताठ होता. "सुपरवायझर म्हनला, सासूबाई उद्या आल्या न्हाईत तर दुसरी घेतो. आमी दोगी मिळून घर चालवतो, वहिनी. ह्यांची रिक्षा कधी चालती कधी न्हाय. तुमच्या पोरीचं वाईट वाटतंय, लई वाटतंय. पन तुमीच सांगा की."

मीच ईरम्माला जाऊन सांगितलं, उद्यापासून कामावर जा. तिनं वादही घातला नाही. तेच मला जास्त लागलं.

घरमालकानं टोकाला कॅमेरा बसवला. ईरम्मानं त्याच्याकडं मान वर करून बराच वेळ पाहिलं. "ह्याला इचारता येतंय का, कुनाकडं म्हनून?"

"दिसतं सगळं त्यात," मी म्हटलं.

"दिसून काय? मला बी दिसत हुतं. मी इचारत हुते म्हनून लोक परत जात हुते."

मी सगळं करून पाहिलं. ग्रंथालयात दुपारची सुटी मागितली, मिळाली नाही. शिवलीलाला कॉलेजात आणून वाचनकक्षात बसवलं, तर प्राचार्यांनी बोलावून समजावलं की असं चालणार नाही. क्लासची चौकशी केली. तिथं ती एक दिवस गेली, दार बंद करून शिकवतात म्हणून रडत परत आली. गुरुराज म्हणाला, पुण्याला या. त्याच्या खोलीत चार जण राहतात. नोकरी सोडायची म्हटलं तर घरभाडं, शाळा... ते इथं मांडत बसत नाही, प्रत्येक घराला ते ठाऊक असतं.

शेवटी तिला मंगळवेढ्याला पाठवायचं ठरलं. सासूबाई आता नाहीत, पण तिथं माझ्या नणंदेचं, सिद्धेश्वरीवन्संचं घर आहे. भरलेलं घर, शेजारी चुलत दीर-जावा, अंगणात दिवसभर कोणीतरी निवडत-पाखडत बसलेलं. शाळा दोन हाकांच्या अंतरावर. शिवलीला नाही म्हणाली, मग हो म्हणाली, मग पुन्हा नाही. तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचं सगळं इथं.

"चोरी त्यानं केली आणि घर मी सोडायचं?" तिनं मला विचारलं.

मी तिचे केस विंचरत होते. मी विंचरतच राहिले.

एस. टी. स्टँडवर ईरम्मा आली होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. न्यायला आलेल्या वन्संच्या शेजारून शिवलीलानं खिडकीतून हात बाहेर काढला, ईरम्मानं तो धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

"अव्वा, तू येशील?"

"यीन की. पान मिळालं की यीन. तिकडं कोन वळतंय का विड्या? न्हाय? मग मी तिकडंच दुकान टाकते." शिवलीला त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. गाडी गेल्यावर ईरम्मा म्हणाली, "पोरगी पाठवलीस म्हंजे माज्यावर फुली मारलीस तू."

"तसं नाही."

"तसंच हाय. पन बरोबर केलंस."

पहिले पंधरा-वीस दिवस बरे गेले. शिवलीला फोनवर बोलायला लागली. आत्याच्या जावेनं तिला कडक भाकरी करायला शिकवली, एक मैत्रीण झाली, न्हाणीचं दार अर्धं लोटून घेते. अर्धं! मी ते ईरम्माला जाऊन सांगितलं, आणि आम्ही दोघी तिच्या दारात उभ्या राहून खुळ्यासारख्या हसलो. मला रात्री झोप लागायला लागली होती.

आज संध्याकाळी फोन आला तेव्हा शिवलीलाचा आवाज लहान झालेला होता.

"आई, उद्यापासून सगळे काढणीला जाणार."

"कसली काढणी?"

"ज्वारीची. आत्या, काका, शेजारच्या काकू, सगळे. सकाळी जातात ते दिवस मावळल्यावर येतात. सगळी गल्लीच जाते म्हणे. माझी शाळा सकाळची आहे ना. आत्या म्हणाली, शाळेतून आलीस की आतून कडी लाव आणि बस."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं. आई, कडी जुनी आहे. लाकडी. मी लावून बघितली. मला निघालीच नाही लवकर."

मी म्हटलं, आत्याला फोन दे.

"अगं वहिनी, कशाला घाबरती?" वन्सं हसत होत्या. मागं भांड्यांचा आवाज येत होता, उद्याच्या न्याहारीची तयारी चालली असेल. "आमच्या हितं काय व्हत न्हाय. सुगीत साऱ्या गल्लीत चिटपाखरू नसतंय, सगळी रानात. रिकाम्या गल्लीत कोन कशाला येतंय?"

त्या प्रेमानं बोलत होत्या. त्यांना मी काय सांगू? फळ्यावरची वर्तुळं सांगू? ज्वारी पिकली की काढावीच लागते. ती काही माझ्या मुलीसाठी थांबणार नाही. तिथल्या बायका रानात गेल्या, हे बरोबरच आहे. इथंही सगळं बरोबरच होतं.

"वन्सं," मी म्हटलं, "तिला शाळेला पाठवू नका उद्या. तुमच्याबरोबर रानात न्या."

"उन्हात? पोरगी करपून जाईल. धसकटं लागतात पायाला. तिला सवय हाय का?"

"करपू दे. पायाला लागू दे. पण एकटी ठेवू नका. तुमच्या पाया पडते."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. "येडी का काय तू," वन्सं म्हणाल्या, पण आता हसत नव्हत्या. "बरं. नेते. पन सुगी महिनाभर चालती, वहिनी. रोज कसं जमंल? तिची शाळा?"

"मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते," मी म्हटलं.

फोन ठेवला. गुरुराजला कळवलं. ग्रंथालयात आजारी असल्याचा निरोप पाठवला, रजा शिल्लक नाहीत तरी. ईरम्माला सांगितलं, तर ती म्हणाली, "घिऊन ये पिल्लाला." मी विचारलं, "आणून ठेवू कुठं?" तेव्हा ती दार न लावताच आत गेली.

पिशवी भरून ठेवली आहे. गल्ली झोपली आहे, शेडमधला रात्रपाळीचा लूम तेवढा चालू आहे, आणि गाडीला अजून पुष्कळ वेळ आहे. पहाटे मी निघेन, उजाडल्यावर मंगळवेढ्याला उतरेन, रानात जाऊन तिला शोधेन. तिथपर्यंतचं सगळं मला दिसतं. ती मला बघून ज्वारीच्या ताटांतून पळत येईल हेही दिसतं. तिचा हात धरून कुठल्या गाडीत बसायचं, ते मात्र माहीत नाही.